लोशन उन्हासाठी, रंगासाठी नव्हे



उन्हाळा लागला की आमच्या कामठ्यातल्या मुली मला विचारतात, "ताई, गोरं करणारी सनस्क्रीन कोणती घ्यावी?" अशी सनस्क्रीन नसते. ती उन्हातल्या अतिनील किरणांपासून कातडी वाचवते. करपणे, काळवंडणे कमी होते. जन्माचा रंग बदलत नाही. आणि तो बदलायचा कशाला?

एसपीएफ ३० असेल तर कातडी भाजणारे सुमारे ९७ टक्के किरण अडतात, ५० असेल तर ९८. एका टक्क्यासाठी जादा पैसे मोजू नका. मात्र लोशन पुरेसे लागते. चेहरा आणि मानेसाठी दोन बोटांवर भरून रेघ, घराबाहेर पडण्याआधी पंधरा-वीस मिनिटे, आणि उन्हात असाल तर दर दोन तासांनी पुन्हा. या हिशेबाने ५० मिलीची ट्यूब महिनाभरही पुरत नाही. म्हणून तेंदूपाने तोडणाऱ्या, रोवणीला जाणाऱ्या बाईला मी आधी पूर्ण बाह्यांचा सदरा आणि डोक्या-तोंडावर दुपट्टा सांगते. लोशनने ऊन लागणे थांबत नाही, त्याला पाणी आणि सावलीच लागते. कोड किंवा वांग असलेल्यांनी, मुरुमांसाठी डॉक्सीसायक्लिनची गोळी चालू असलेल्यांनी मात्र पैसे वाचवून ते घ्यावे. सहा महिन्यांखालच्या बाळाला लावू नये, त्याला सावलीत ठेवावे.

खरी भीती सनस्क्रीनची नाही, तिच्या शेजारी ठेवलेल्या गोरेपणाच्या ट्यूबची आहे. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यांपैकी नाव दिसले तर ते स्टेरॉइड आहे. २०१८ पासून असे मलम डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाही, तरी ते सर्रास मिळते. पंधरा दिवस चेहरा उजळतो. मग कातडी पातळ होते, लाल पडते, केस उगवतात. ज्या डबीवर घटकच लिहिलेले नाहीत, ती तर हातातही धरू नका. अकोल्याच्या एका घरातल्या तिघींच्या, आई आणि दोन मुलींच्या, किडन्या अशाच क्रीमने बिघडल्या. मुंबईच्या केईएम रुग्णालयात त्या क्रीममध्ये पारा सापडला. २०२३ साली हे उघड झाले.

आता कडू बोलते. १९५६ साली नागपुरात आपण जन्मावरून माणूस जोखणे नाकारले. मग मुलगी पाहायला गेलेले आपलेच पाहुणे "रंग जरा सावळा आहे" कसे म्हणतात? विहारात बावीस प्रतिज्ञा म्हणणारे हे घर त्याच संध्याकाळी मुलीच्या हाती ती ट्यूब देते. कंपनीला दोष द्याच, पण गिऱ्हाईक आपण तयार करतो.

कोणी स्टेरॉइडचे मलम महिनोन्‌महिने लावत असेल तर ते मनाने एकदम बंद करू नये, चेहरा जास्त भडकतो. पाऱ्याचा संशय असेल तर मात्र त्याच दिवशी बंद. दोन्ही वेळी ट्यूब किंवा डबी सोबत घेऊन गोंदियाच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या त्वचारोग ओपीडीत जावे. पायाला, तोंडाला सूज किंवा लघवीला फेस असेल तर तेही तिथे आधी सांगावे.