‘घाबरू नकोस’ हे उत्तर नव्हे

ज्या बाईचं मागचं मूल पोटातच गेलं, ती पुन्हा गरोदर राहिली की तिला सगळ्यात जास्त वेळा ऐकावं लागणारं वाक्य कोणतं? ‘घाबरू नकोस.’ सासू म्हणते, नवरा मुंबईहून फोनवर म्हणतो, आशाताई म्हणते, सिस्टर म्हणते, डॉक्टर कागदावरची मान वर न करता म्हणतात. आपल्या बचत गटाच्या बैठकीतही हेच म्हटलं जातं. म्हणणाऱ्यांच्या मनात माया असते हे मला मान्य आहे. तरीही हे वाक्य बंद व्हायला हवं, असं माझं ठाम मत आहे. कारण त्याने तिला धीर येत नाही. तिचं तोंड तेवढं बंद होतं.

समाजकार्याच्या अभ्यासक्रमात भीती ही मनाची अवस्था म्हणून शिकवली जाते, आणि समुपदेशन हा तिच्यावरचा उपाय. महाड आणि पोलादपूर तालुक्यांतल्या वाड्यांवर काम करताना मला दिसते ती भीती वेगळी आहे. तिला कारण असतं, तारीख असते, किलोमीटर असतात. एक बाई सातव्या महिन्यापासून रात्री झोपत नाही. पोटावर हात ठेवून पडून राहते, बाळ हललं की मगच डोळा लागतो. दुसरीने डोहाळजेवण करू दिलं नाही, ‘मागच्या वेळी केलं होतं’ म्हणून. तिसरी पाचवा महिना लागेपर्यंत कुणाला बोललीच नाही, माहेरीसुद्धा नाही. चौथीच्या मनात अजून मागच्या खेपेचा तिसरा दिवस आहे. मूल नव्हतं आणि दूध आलं. असं होतं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. छातीला फडकं घट्ट बांधून ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

या सगळ्या जणी मला एकच प्रश्न विचारतात. ‘ताई, मागचं का गेलं तेवढं सांगा.’

हा प्रश्न भित्र्या बाईचा नाही, विचार करणाऱ्या बाईचा आहे. आणि त्याचं उत्तर तिला बहुतेक वेळा मिळालेलं नसतं. तिच्या हातातल्या कागदावर ‘मूल मृत’ एवढंच लिहिलेलं असतं. कधी तेवढाही कागद नसतो.

उत्तर शोधायला मोठी यंत्रं लागतात, हे खरं नाही. मूल किती वजनाचं होतं? त्याची कातडी सुटलेली होती की ताजी होती? वार कशी होती, नाळेला गाठ किंवा पीळ होता का? आईचा रक्तदाब किती होता, लघवीतून प्रथिनं जात होती का, रक्तातली साखर किती होती, रक्तगट कोणता, गरमीची तपासणी झाली होती का? यातल्या बहुतेक गोष्टी तालुक्याच्या पातळीवर बघता येतात, लिहिता येतात. मुलाची कातडी सुटलेली असेल तर ते कळा सुरू होण्याआधीच गेलेलं असतं. ताजी असेल तर ते बहुधा कळांच्या वेळात गेलं. हा फरक साधा नाही. पहिल्या बाबतीत गरोदरपणातल्या तपासणीबद्दल प्रश्न उभा राहतो, दुसऱ्या बाबतीत बाळंतपणाच्या खोलीबद्दल, आणि त्या खोलीपर्यंत पोचायला लागलेल्या वेळाबद्दल. म्हणूनच मला विचारावंसं वाटतं, हे लिहून तिच्या हातात न देणं हा नुसता निष्काळजीपणा आहे की सोय?

संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी 2020 साली दिलेल्या अहवालानुसार जगात वर्षाला सुमारे 20 लाख मुलं मृत जन्माला येतात. म्हणजे दर 16 सेकंदांना एक. त्यातली 40 टक्क्यांहून जास्त कळा सुरू झाल्यावर दगावतात. 2019 सालचा एकट्या भारताचा आकडा सुमारे 3 लाख 40 हजार होता, जगात सगळ्यात मोठा. 2014 च्या राष्ट्रीय नवजात कृती आराखड्यात सरकारने कबूल केलं आहे की 2030 पर्यंत हे प्रमाण दर हजार जन्मांमागे दहाच्या खाली आणू. यातले पुष्कळ मृत्यू टाळता येतात, हे सरकारला माहीत आहे. माहीत नाही ते फक्त त्या बाईला. तिला सांगितलं जातं, ‘देवाची मर्जी.’

तिला उत्तर मिळालं नाही की ती जागा रिकामी राहत नाही. ‘कुणीतरी केलंय’, ‘ग्रहणात बाहेर पडली असेल’, ‘हिच्या पोटातच दोष आहे’. कारण कळलं नाही की दोष बाईच्या पदरात पडतो, हा आपल्याकडचा जुना हिशेब आहे. मग देवऋषी, गंडेदोरे, नवस. आपण कार्यकर्त्या शिबिरात तावातावाने अंधश्रद्धेवर बोलतो. पण देवऋषी निदान तिचं सगळं ऐकून घेतो आणि एक कारण देतो, खोटं का होईना! दवाखान्याने खरं कारण दिलं असतं तर ती त्याच्या दारात गेली असती का?

याचा पुढचा परिणाम अधिक वाईट आहे. दृष्ट लागेल, लोक बोलतील, म्हणून ती या खेपेचं गरोदरपण लपवते. बारा आठवड्यांच्या आत नाव नोंदवावं अशी अपेक्षा असताना ती पाचव्या महिन्यात येते. म्हणजे जिची तपासणी सगळ्यात लवकर सुरू व्हायला हवी, तीच सगळ्यात उशिरा पोचते. त्यावर तिला ऐकवलं जातं, ‘एवढं होऊनही अक्कल आली नाही का?’

2016 पासून प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या 9 तारखेला गरोदर बायकांची तपासणी होते आणि जोखमीच्या बाईच्या कार्डावर लाल खूण लावतात. योजना चांगलीच आहे. पण ती लाल खूण यंत्रणेसाठी आहे. बाईला तिचा अर्थ कुणी सांगत नाही. लाल म्हणजे धोका एवढं तिला कळतं आणि ते कार्ड ती कपाटात कपड्यांखाली सारून ठेवते. खूण लावायला एक मिनिट लागतं. समजावून सांगायला वीस मिनिटं लागतात, आणि ती वीस मिनिटं कुणाच्याच कामाच्या यादीत नाहीत.

‘सगळं सांगितलं तर ती आणखी घाबरेल,’ असा आक्षेप मला नेहमी ऐकावा लागतो. हा आक्षेप बाईला मूल समजणारा आहे. खरं काय ते असं आहे: एक मूल पोटात गेलं असेल तर पुन्हा तसं होण्याचा धोका इतर बायकांपेक्षा जास्त असतो. आणि तरीही अशा बहुतेक बायकांना पुढचं मूल जिवंत होतं. ही दोन्ही वाक्यं एका दमात सांगायची असतात. पहिलं लपवून नुसतं दुसरं सांगितलं तर तिचा विश्वास बसत नाही, कारण मागच्या खेपेलाही तिला ‘सगळं ठीक आहे’ असंच सांगितलेलं असतं.

तिला हेही सांगायला हवं की रात्रभर पोटावर हात ठेवणं हा वेडेपणा नाही. बाळाची हालचाल कमी झाली तर त्याच दिवशी, त्याच तासाला दवाखाना गाठायचा. ‘शेवटच्या दिवसांत बाळ शांतच होतं’ हे म्हणणं चूक आहे. दिवस भरत आले म्हणून हालचाल कमी होत नसते. मशेरीबद्दलही सांगायला हवं. मुंबईतल्या गरोदर बायकांचा अभ्यास 2006 साली प्रसिद्ध झाला. त्यात तंबाखू चघळणाऱ्या, मशेरी लावणाऱ्या बायकांमध्ये मूल मृत जन्मण्याचं प्रमाण जास्त आढळलं. पण सांगण्याची रीत हवी. ‘मशेरी लावलीस म्हणून मूल मेलं’ ही शिक्षा झाली. ‘या खेपेला मशेरी सोडायला आम्ही तुझ्याबरोबर आहोत’ ही मदत झाली.

आता किलोमीटरांबद्दल. पोलादपूरच्या डोंगरातल्या वाडीवरून आधी पायवाट, मग गाडीरस्ता, मग तालुक्याचं गाव. तिथून महाड किंवा माणगाव, आणि तिथेही भागलं नाही तर अलिबागचं जिल्हा रुग्णालय, शंभराहून जास्त किलोमीटरवर. 108 ला फोन करायचा तर फोनला रेंज हवी. पावसाळ्यात दरड आली की रस्ता बंद. 22 जुलै 2021 ला महाड तालुक्यातल्या तळीयेत डोंगर खाली आला आणि ऐंशीहून अधिक माणसं गेली. त्याच पावसात पोलादपूरच्या केवनाळे आणि साखर सुतारवाडीवरही दरडी कोसळल्या आणि महाड शहर सावित्रीच्या पुरात बुडालं. जिचे दिवस जुलै-ऑगस्टमध्ये भरणार आहेत, तिने या डोंगरात बसून घाबरू नये म्हणजे नेमकं काय करावं? तिची भीती समुपदेशनाने जाणार नाही. दिवस भरण्याआधी दोन-तीन आठवडे दवाखान्याजवळ राहायची, जेवणाची आणि सोबतीची सोय झाली तर मात्र नक्की कमी होईल.

कायद्याकडेही बघू. डॉ. आंबेडकरांनी 1927 साली महाडच्या चवदार तळ्यावर सत्याग्रह केला. पुढच्याच वर्षी, 1928 साली, मुंबईच्या कायदे मंडळात त्यांनी मातृत्व लाभ विधेयकाला पाठिंबा दिला. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं देशाच्या हिताचं आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. 1929 साली कायदा झाला, तो कारखान्यातल्या कामगार बायकांपुरता. 1961 च्या केंद्रीय कायद्याने ‘मूल’ या शब्दाच्या व्याख्येत मृत जन्मलेलं मूलही घेतलं. म्हणजे कायद्याने तिला बाळंतीण मानलं. पण भातलावणीला जाणाऱ्या, वीटभट्टीवर आणि कोळसाभट्टीवर जाणाऱ्या आमच्या कातकरी बायकांना कसली रजा? मूल पुरून आठवडा झाला नाही तोवर त्या कामावर असतात. मांडीवर मूल नाही ना, मग विश्रांती कशाला!

1969 च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यातही ‘जन्म’ या शब्दात मृत जन्म धरलेला आहे आणि त्याच्या नोंदीचा वेगळा नमुना आहे. ही नोंद 21 दिवसांत करायची असते, हे किती घरांना माहीत आहे? प्रधानमंत्री मातृवंदना योजनेच्या 2017 च्या नियमांत मूल मृत जन्मलं तर पुढच्या गरोदरपणात फक्त उरलेले हप्ते मिळत. 2022 च्या नव्या नियमांत तिला नवी लाभार्थी मानायचं ठरलं. बदल चांगला आहे, पण तो वाडीपर्यंत पोचवणार कोण?

आता थोडं आपल्याच चळवळीबद्दल. आपण गर्भलिंगचाचणीविरुद्ध लढलो. त्या रेट्यामुळेच 1988 साली महाराष्ट्रात देशातला असा पहिला कायदा झाला. घातक गर्भनिरोधकांविरुद्ध लढलो. गर्भपाताचा हक्क सांभाळला. ‘आई होणं म्हणजेच बाईपण नव्हे’ हे ठासून सांगितलं, आणि ते आजही खरं आहे. पण जिला मूल हवं होतं आणि जिचं मूल गेलं, तिच्याबद्दल आपण फारसं बोललो नाही. मातृत्वाचा उदोउदो होईल, गर्भपाताला विरोध करणाऱ्यांच्या हातात कोलीत मिळेल, असं आपल्याला वाटत राहिलं. मला ही धास्ती पटत नाही. नको असलेलं गरोदरपण थांबवण्याचा हक्क आणि हव्या असलेल्या मुलासाठी रडण्याचा हक्क हे एकमेकींचे वैरी नाहीत. दोन्हींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे: माझ्या पोटात काय झालं आणि काय व्हावं, याबद्दल माझा शब्द मोजला गेला पाहिजे.

1989 साली राणी आणि अभय बंग यांचा गडचिरोलीतल्या दोन गावांचा अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. तपासलेल्या 650 बायकांपैकी 92 टक्के बायकांना स्त्रीरोग निघाले. तोवर त्यातल्या फार थोड्या जणींची कधी तपासणी झाली होती. दुखणं होतंच, विचारणारं कुणी नव्हतं. पोटात गेलेल्या मुलाचं दुःख आणि पुढच्या खेपेची भीती आज त्याच जागी आहे.

म्हणून मागण्या स्पष्ट मांडू या. मूल मृत जन्मलं तर कारण, निदान संशयित कारण, मुलाचं वजन आणि आईच्या तपासण्या लिहिलेला कागद घरी जाण्याआधी तिच्या हातात मिळाला पाहिजे. मूल बघायचं की नाही, हे तिला विचारलं पाहिजे, ‘बघू नको, विसरून जा’ म्हणून परस्पर ठरवायचं नाही. दूध येईल आणि त्याचं काय करायचं, हे सांगितलं पाहिजे. माता मृत्यूची चौकशी होते तशी प्रत्येक मृत जन्माची तालुका पातळीवर चौकशी व्हावी आणि तिचा निष्कर्ष बाईला कळवावा. पुढच्या खेपेला लाल खुणेबरोबर लेखी आराखडा असावा: कुठे बाळंत व्हायचं, गाडी कुणाची, रस्ता बंद झाला तर काय, सोबत कोण. पावसाळ्यात दिवस भरणाऱ्या डोंगरातल्या बायकांची राहण्याची सोय सरकारने करावी. आणि हे समजावून सांगण्याचा वेळ आशाताईच्या कामात धरून त्याचे पैसे तिला मिळावेत. तीही बाईच आहे, फुकट मायेवर किती दिवस चालवणार?

गटांनी सरकारची वाट बघत बसायचं कारण नाही. पुढच्या बैठकीत गावातली अशी एक तरी बाई शोधा. तिला धीर देऊ नका, तिच्याजवळ बसा. मागच्या मुलाबद्दल विचारा. बोलायचं नसेल तर नाही बोलणार, पण कुणी विचारलं हे तिला कळेल. मग तिचे जुने कागद घेऊन तिच्याबरोबर दवाखान्यात जा आणि तिचाच प्रश्न मोठ्याने विचारा: मागचं मूल का गेलं? एकटीने विचारला तर तिला बाहेर थांबायला सांगतील. दहा जणींनी विचारला तर कुणालातरी खुर्चीतून उठून कागद शोधावे लागतील.