पाचामुखी परमेश्वर, मग एकाच्या नकाराचे काय?



वार्षिक सभा जवळ आली की नवागाममध्ये एक जुना वाद पुन्हा डोके वर काढतो. आपल्याकडील काही मंडळांच्या घटनेत एका कलमात ‘निर्णय बहुमताने’ असे असते आणि दोन पाने उलटली की ‘संस्थापक सभासदांच्या संमतीशिवाय बदल नाही’ असेही असते. धुळे, जळगाव, नंदुरबारकडून आलेल्या आपल्या वडीलधाऱ्यांनी पदरमोड करून मंडळे उभी केली. त्यांचा मान राखलाच पाहिजे. पण दोन कलमे भिडली तर कोणते लागू, हे कुठेच लिहिलेले नसते. मग सभेत सगळे हात वर होतात, एक जण ‘नाही’ म्हणतो आणि विषय पुढच्या वर्षावर जातो.

हाच पेच संगणकाच्या जगातही आहे. आपली मुले ज्याला ओपन सोर्स म्हणतात, ती सॉफ्टवेअरे देशोदेशीची माणसे मिळून बनवतात. तेथे मालक नाही, म्हणून नियम लागतात. १९९९ साली स्थापन झालेल्या अपाची सॉफ्टवेअर फाउंडेशनचा नियम पाहण्यासारखा आहे. सॉफ्टवेअरमधील बदल एकटा अधिकृत सभासदही रोखू शकतो, मात्र त्याने तांत्रिक कारण दिले पाहिजे. कारण नसेल तर नकार बाद! उलट, तयार आवृत्ती प्रसिद्ध करायची की नाही, हे मतांवर ठरते. किमान ३ होकार हवेत आणि ते नकारांपेक्षा जास्त हवेत. तेथे एकट्याचा नकार चालत नाही.

म्हणजे नकाराधिकार वाईट नाही. तो कुठे चालेल हे न ठरवणे वाईट. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्यानेही संस्थेचा उद्देश बदलण्यासाठी महिन्याच्या अंतराने दोन सभा आणि दोन्हींत तीन-पंचमांश मते सांगितली आहेत.

आमचे म्हणणे एवढेच. उत्सव, वर्गणी, रोजचा खर्च साध्या बहुमताने ठरावा. जागा आणि उद्देश यांसाठी मोठे बहुमत असावे. ज्येष्ठांना हरकत घेता यावी, पण लेखी आणि सकारण. आणि तिचा निकाल पुढच्याच सभेत लागावा.

घरातच आपले एकमत होत नसेल, तर पाणी, गटार, रस्त्यांसाठी महापालिकेच्या दारात आपण एकमुखाने कसे उभे राहणार? येत्या सभेपूर्वी आपापल्या मंडळाची घटना एकदा काढून वाचा.

जय महाराष्ट्र! जय गुजरात!