शब्दांचे कुळशील

परीक्षेचे दिवस आले की घरोघरी समानार्थी शब्दांची घोकंपट्टी सुरू होते. 'तुरुंग म्हणजे कारागृह, बंदिशाळा, बंदिवास' असे मुले पाठ करतात, गुण मिळवतात आणि सुटी संपेपर्यंत विसरूनही जातात. दोष मुलांचा नव्हे. ज्या शब्दाचे कुळशील कोणी सांगितलेच नाही, तो मनात घर करील कसा?

तुरुंग हाच शब्द घ्या. पोर्तुगीज 'त्रोंको'पासून तो मराठीत आला. त्रोंको म्हणजे झाडाचा बुंधा. पुढे कैद्याचे पाय अडकविण्याच्या ओंडक्यास तेच नाव पडले आणि त्यानंतर कैदखान्यास. आपल्या खोड आणि खोडा या शब्दांचे नातेही असेच आहे. लाकडी खोडा इतिहासजमा झाला. कामात खोडा घालणे मात्र अजून चालूच आहे. एवढी हकीकत ऐकलेले मूल हे दोन्ही शब्द सहसा विसरणार नाही.

गोमंतकीयांना यातील विसंगती वेगळी सांगावयास नको. ज्या राजवटीने मुक्तिलढ्यातील सत्याग्रहींना आग्वादच्या किल्ल्यात डांबले, तिच्याच भाषेने त्या जागेला मराठीत नाव पुरविले! १९६१ साली राजवट गेली, शब्द राहिला. आणि तो राहावा, असेच आम्ही म्हणू. पगार, चावी, बटाटा हेही त्याच वाटेने आलेले. त्यांना हद्दपार करावयाचे म्हटले तर रोजचा व्यवहारच अडेल.

मात्र मूळ शोधताना केवळ कानावर विसंबू नये. संस्कृतात 'तुरंग' म्हणजे घोडा. तेवढ्यावरून तुरुंग म्हणजे मुळात घोड्यांची पागा, असे कोणी ठोकून दिले तर ते पटकन पटेल, पण खरे नव्हे. अशा वेळी कृ. पां. कुलकर्णी यांचा १९४६ सालचा 'मराठी व्युत्पत्तिकोश' उघडावा. मोल्सवर्थच्या कोशाची १८५७ची आवृत्तीही हाताशी असावी.

अर्थ कळला, मूळ कळले, तरी प्रयोग उरतोच. 'कारागृह' पाटीवर शोभते, पण कारागृहाची हवा कोणी खात नाही, ती तुरुंगाचीच. बंदिवास ही तर जागाच नव्हे, अवस्था आहे. तो भोगावयाचा असतो, बांधावयाचा नसतो. 'सरकारने नवा बंदिवास बांधला' असे एखादा विद्यार्थी लिहितो, तेव्हा लाल रेघ त्याच्या वाक्याखाली नव्हे, त्याला दिलेल्या यादीखाली ओढावयास हवी.

शिक्षकांनी दहा शब्दांची यादी देण्याऐवजी दोनच शब्द द्यावेत आणि प्रत्येकाची तीन-तीन वाक्ये मुलांकडून करून घ्यावीत, अशी आमची सूचना आहे. शाळेच्या कपाटात कुलूपबंद पडलेले कोश वर्गातील टेबलावर यावेत. मुलांच्या हाताळण्याने पाने फाटली तर फाटोत. पुस्तक पुन्हा बांधून घेता येते.