‘चावरा’ हे निदान नव्हे

मार्च २०२३मध्ये केंद्र सरकारने ‘नवीन औषधे व क्लिनिकल चाचण्या नियम, २०१९’ यांत दुरुस्ती केली. औषधांच्या चाचणीत प्राण्यांऐवजी मानवी पेशी, अवयवांच्या चिप आणि संगणकीय प्रारूपे वापरण्याचा मार्ग त्यामुळे मोकळा झाला. विज्ञानवार्तांनी या निर्णयाची रास्त दखल घेतली. प्रयोगशाळेतल्या प्राण्याच्या यातना हा सार्वजनिक चर्चेचा विषय ठरला, हे चांगलेच झाले. परंतु ज्याचे नावच ‘प्रयोगाचा बळी’ या अर्थाने रूढ झाले, तो गिनी पिग आता घराघरांतही राहतो. तिथल्या त्याच्या हालांची वार्ता मात्र कुणी करत नाही.

घरात त्याच्याविषयी एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘हा फार चावरा आहे.’ वाक्य उच्चारले की चौकशी संपते आणि शिक्षा सुरू होते. नाकावर टिचकी मारणे, तोंडावर पाण्याचा फवारा सोडणे, ‘मालक कोण ते कळू दे’ म्हणून घट्ट आवळून धरणे, पिंजरा बाल्कनीच्या कोपऱ्यात सारणे, आणि शेवटी तो दुसऱ्याच्या गळ्यात मारणे. समाजमाध्यमांवरील अर्ध्या मिनिटाच्या चित्रफिती हेच उपाय ‘प्रशिक्षण’ म्हणून खपवतात. वस्तुतः यांतला प्रत्येक उपाय चावण्याचे मूळ कारण अधिक घट्ट करतो. चावणे हे लक्षण आहे. लक्षणालाच स्वभाव ठरवून मोकळे होणे हा आळस आहे, आणि त्याची किंमत ज्याला बोलता येत नाही तो चुकवतो.

प्रथम स्वभावाचा प्रश्न. गिनी पिग हा दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतराजीत हजारो वर्षांपूर्वी माणसाळलेला प्राणी. जर्मनीतील म्युन्स्टर विद्यापीठात नॉर्बर्ट साख्सर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाळीव गिनी पिगची तुलना त्याच्या रानटी भाऊबंदांशी केली. पाळीव प्राणी कमी आक्रमक, अधिक मिळूनमिसळून राहणारा, आणि ताणाच्या प्रसंगी ज्याची संप्रेरके कमी उसळतात असा आढळला. म्हणजे माणसाळण्याच्या दीर्घ प्रवासात या जातीची आक्रमकता घटलेली आहे. अशा जातीतला एखादा जीव वारंवार चावत असेल, तर ‘जातच चावरी’ हे उत्तर टिकत नाही. त्याच्या परिस्थितीत काय बिघडले, हेच विचारावे लागते.

परिस्थितीतला पहिला बिघाड एकटेपणा. याच संशोधकांना असे दिसले, की मोठ्या कळपात वाढलेले नर अनोळखी नरांशी भेट झाल्यावर बहुधा निभावून नेतात, तर इतर नरांच्या सहवासाविना वाढलेले नर तशाच भेटीत झुंजीवर उतरतात. समाजात वागण्याची रीत या प्राण्याला वाढीच्या वयात शिकावी लागते. आणखी एक निष्कर्ष असा, की अनोळखी जागी नेले असता सोबत जिवाभावाचा जोडीदार असेल तर रक्तातील ताणाचे संप्रेरक कमी वाढते. स्वित्झर्लंडने २००८च्या प्राणिसंरक्षण अध्यादेशाने गिनी पिग एकटा पाळण्यास मनाई केली, ती लाडापोटी नव्हे. आपल्याकडे वाढदिवसाची भेट म्हणून एकच पिल्लू एका छोट्या पिंजऱ्यात घालून दिले जाते आणि ते घाबरून चावले की घरचे आश्चर्य करतात.

दुसरा बिघाड दुखण्याचा, आणि तो सर्वाधिक दुर्लक्षित आहे. १९०७मध्ये अ‍ॅक्सेल होल्स्ट आणि थिओडोर फ्रॉलिश या नॉर्वेजियन संशोधकांनी गिनी पिगना केवळ धान्यावर ठेवले, तेव्हा त्यांना स्कर्व्ही झाला. या रोगाचे कोडे सोडवण्याचा रस्ता तिथून उघडला, आणि पुढे क जीवनसत्त्वाचा शोध लागला. माणसाप्रमाणेच गिनी पिगलाही हे जीवनसत्त्व शरीरात तयार करता येत नाही. त्यासाठी लागणारे अखेरचे विकर त्याच्यापाशी नाही. त्याला रोज शरीराच्या प्रत्येक किलोमागे साधारण १० ते ३० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व आहारातून मिळावे लागते. ते न मिळाल्यास सांधे सुजतात, हिरड्यांतून रक्त येते आणि साध्या उचलण्यानेही कळ उठते. सांधा दुखत असताना पोटाखाली हात घालून उचलले, तर कोणता जीव चावणार नाही?

स्कर्व्हीचे ज्ञान मानवजातीला ज्याच्या देहातून मिळाले, तोच प्राणी सव्वाशे वर्षांनी सुशिक्षित घरांत त्याच रोगाने खंगावा, यापरते कृतघ्न काही नाही. तयार गोळीखाद्यातील क जीवनसत्त्व साठवणीत आणि उष्णतेत झपाट्याने घटते. उन्हाळ्यात महिनोन्‌महिने उघडे राहिलेले पाकीट जवळजवळ निरुपयोगी ठरते. उपाय महागडा नाही. ढोबळी मिरचीचे काप, थोडी कोथिंबीर, पेरूची लहानशी फोड हे जबलपूरच्या कोणत्याही भाजीबाजारात मिळते. दूर्वा तर अंगणातच असते; मात्र ती कीटकनाशक न मारलेली हवी.

दुखणी आणखीही आहेत. गिनी पिगचे वीसही दात आयुष्यभर वाढत राहतात. वाळलेले गवत भरपूर चघळायला मिळाले नाही, तर दाढा वाढून जिभेला किंवा गालाला टोचू लागतात. खरजेच्या सूक्ष्म किडींनी त्वचेत घर केले, की खाज इतकी असह्य होते की स्पर्शासरशी प्राणी उसळतो. प्रसंगी त्याला झटकेही येतात. मूत्राशयात खडा झाला तर पोटावरचा हात सहन होत नाही. ही सारी दुखणी बाहेरून सहज दिसत नाहीत, कारण शिकार होणारा प्राणी आजार लपवतो. म्हणून आठवड्यातून एकदा स्वयंपाकघरातील काट्यावर केलेले वजन हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयुक्त तपास आहे. काल शांत असलेला प्राणी आज चावू लागला आणि वजनही घटले, तर त्याला शिस्त लावण्याची नव्हे, पशुवैद्याकडे नेण्याची वेळ झालेली असते. घरातल्या औषधांच्या डब्यातून प्रतिजैविक काढून देणे तर घातकच. पेनिसिलिन गटातील औषधे तोंडावाटे दिल्यास त्याच्या आतड्यांतील उपयुक्त जिवाणू नष्ट होऊन मृत्यू ओढवू शकतो.

तिसरे कारण भीतीचे. रानात या प्राण्याच्या पूर्वजांवर संकट वरून, शिकारी पक्ष्याच्या झडपेने येई. पिंजऱ्यावर वरून उतरणारा हात त्याला तसाच वाटतो. तो आधी थिजतो, मग दात वाजवतो, डोके झटकून हात दूर ढकलतो. या तिन्ही सूचना दुर्लक्षिल्यावरच चौथी येते, ती दातांची. इथे शिक्षेचे समर्थक म्हणतात, ‘चावल्यावर हात मागे घेतला, तर चावून काम होते हे तो शिकेल.’ अर्धे सत्य आहे ते. चावल्याने सुटका होते, हे प्राणी शिकतो खरे. पण सौम्य सूचनांनी सुटका होत नाही, हे त्याला आधी माणसानेच शिकवलेले असते. दात वाजताच हात थांबला, तर चावण्याची पाळीच येत नाही. उलट आवळून धरले, तर भीतीत वेदनेची भर पडते. नाकावर टिचकी मारली, तर सूचना न देता थेट चावणारा प्राणी तयार होतो. अशा प्रकारे ‘चावरा’ गिनी पिग बहुधा घरातच घडवला जातो.

प्रत्येक वेळी दात लागला म्हणजे हल्ला झाला, असेही नाही. बोटांना गाजर-काकडीचा वास असेल, तर तो खाऊ समजून चाखतो. मांडीवर बराच वेळ बसवल्यावर हलकेच कुरतडणे म्हणजे बहुधा ‘आता खाली सोडा’ अशी विनंती. हात धुणे आणि वेळेवर खाली सोडणे, एवढाच यावरचा उपाय. खरोखर जखम झालीच, तर ती साबण व वाहत्या पाण्याने धुवावी आणि धनुर्वाताच्या लशीबाबत डॉक्टरांना विचारावे; तेवढ्यावरून प्राण्याला घराबाहेर काढण्याचे कारण नाही.

आता जबलपूरच्या उन्हाळ्याकडे यावे. प्रयोगशाळांतील प्राण्यांसाठी भारतात शासकीय मार्गदर्शक तत्त्वे आहेत. त्यांत खोलीचे तापमान १८ ते २९ अंशांच्या दरम्यान ठेवण्यास सांगितले आहे. मे महिन्यात जबलपूरचा पारा चाळिशी ओलांडतो. गिनी पिगला घामावाटे अंग थंड करता येत नाही. तिशीच्या आसपासच त्याची तगमग सुरू होते. प्रयोगशाळेतल्या गिनी पिगला जी सावली नियमाने मिळते, ती बाल्कनीतल्या लाडक्याला मिळत नाही. उष्म्याने कासावीस झालेला जीव हाताला चावला, तर दोष कोणाचा?

कायद्याने या प्राण्याला अगदीच वाऱ्यावर सोडले आहे, असेही नाही. पाळीव प्राण्यांच्या दुकानांसाठी २०१८मध्ये केंद्राने केलेल्या नियमांत ‘पाळीव प्राणी’ या व्याख्येत गिनी पिगचा नावानिशी उल्लेख आहे आणि दुकानाची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी बंधनकारक आहे. मात्र दुकानाच्या उंबरठ्याबाहेर हे नियम संपतात. पुढची जबाबदारी विकत घेणाऱ्याच्या ज्ञानावर येऊन पडते, आणि तिथे सारा भर चित्रफितींवर असतो.

‘एवढ्याशा प्राण्यासाठी पशुवैद्याचे शुल्क कोण भरणार?’ असा युक्तिवाद यावर नेहमी होतो. तो प्रामाणिक असेल, तर प्राणी घेण्यापूर्वी करावा. विकत घेताना किंमत परवडली आणि आजारपणात परवडली नाही, तर वाचवलेल्या पैशांची भरपाई प्राणी आपल्या वेदनेने करतो.

जबलपूरमध्ये १९४८पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. २००९मध्ये इथेच नानाजी देशमुख पशुवैद्यकीय विज्ञान विद्यापीठ उभे राहिले. अशा शहरात ‘कुणाला विचारावे ते कळले नाही’ ही सबब शोभत नाही. विज्ञानाच्या विद्यार्थ्यांकडून तर अधिक अपेक्षा आहे. कार्यकारणाची साखळी शोधणे हीच त्यांची विद्या. तिचा उपयोग परीक्षेपुरता राखून घरी ‘त्याचा स्वभावच तसा’ म्हणणे विसंगत ठरते.

म्हणून यापुढे कुणी ‘हा चावतो’ म्हटले, की वहीत पाच नोंदी करायला सांगावे : तो कोणत्या वेळी चावला, नेमका कुठे हात लागल्यावर चावला, या आठवड्यात त्याचे वजन किती भरले, त्याच्या खोलीत किती अंश तापमान होते, आणि त्याच्यासोबत कोण राहते. आठ दिवसांच्या अशा नोंदी घेऊन पशुवैद्याकडे गेलेला विद्यार्थी त्या प्राण्याचे दुखणे हलके करू शकेल, कदाचित त्याचा जीवही वाचवील.