किनारा कोणाचा, गल्ला कोणाचा?



सुगी उरकली, हातात चार पैसे आले, की आताशा आपल्यातलीही पुष्कळ कुटुंबे जीप भाड्याने करून समुद्र पाहायला निघतात. पूर्वी देशावरच्या शेतकऱ्याची सहल म्हणजे पंढरपूर, तुळजापूर, फार तर कोल्हापूर. आता ती फोंड्याचा नाहीतर गगनबावड्याचा घाट उतरून मालवणला जाते. चांगली गोष्ट आहे. शेतकऱ्याच्या पोरांनी लाटांत भिजू नये असे कोणत्या शास्त्रात लिहिलेले नाही.

मालवणचा चिवला किनारा, तारकर्लीची वाळू, एका अंगाला कर्ली नदी आणि दुसऱ्या अंगाला दर्या अशा चिंचोळ्या पट्टीवरचे देवबाग, नदीपलीकडे भोगवे, त्याच्या दक्षिणेला खडकांच्या कुशीतली निवती. पाहून डोळे निवतात. पण पोरे ज्या वाळूवर किल्ले करतात ती वाळू कोणाचे तरी खळे आहे, हे शेतकऱ्याच्या तरी ध्यानात यावे. याच वाळूवर गाबितांची रापण ओढली जाते. जाळ्याचे एक टोक किनाऱ्यावर ठेवायचे, होडीने समुद्रात अर्धगोल वळसा घेत जाळे सोडायचे, दुसरे टोक पुन्हा किनाऱ्याला आणायचे आणि मग दोन्ही बाजूंनी माणसांच्या रांगांनी ते ओढायचे. जे मिळेल त्याचे वाटे पडतात. मासळी सुकवायची तीही इथेच. आपल्या खळ्यावर मळणी चालू असताना कोणी सतरंजी अंथरून बसले तर आपण काय म्हणू?

रापणकराची गाऱ्हाणी ऐकली की आपलीच वाटतात. मासळी टिकत नाही, बर्फाचा कारखाना त्याचा नाही, लिलावात भाव बोलतो तो व्यापारी. टमाट्याचे क्रेट घेऊन बाजार समितीत उभा असलेला शेतकरी आणि बांगड्याची टोपली घेऊन वाळूवर उभी असलेली बाई, दोघांनाही माल परत घरी नेता येत नाही. खोल पाण्यात अख्खा थवाच्या थवा घेरणारी पर्ससीन जाळी आली आणि किनाऱ्याला पोचणारी मासळी आटली, अशी त्याची तक्रार आहे. राज्य सरकारने 2016 च्या फेब्रुवारीत पर्ससीनवर निर्बंध घातले. ते पाळले जावेत यासाठी पारंपरिक मच्छीमारांना त्यानंतरही रस्त्यावर उतरावे लागले.

अशा वेळी दारात आलेला पाहुणा हा त्या घराचा दुसरा हंगाम आहे. मासळीला भाव न मिळो, तोच बांगडा ताटात भाकरी, भात नि सोलकढीबरोबर वाढला तर त्याचे दाम घरच्या बाईच्या हातात पडते. कच्चा माल विकू नये, पक्का करून विकावा, हे आपण कापसाबद्दल, उसाबद्दल घसा कोरडा होईपर्यंत बोलत आलो. किनाऱ्यावरच्या बायांनी ते भाषण न ऐकता करून दाखवले. ताटातला तांदूळ, नारळ आणि कोकम शेजारच्या शेतकऱ्याचे असते, तेव्हा त्याचाही हंगाम साधतो.

मग अडते कुठे? अडते ते नेहमीच्या ठिकाणी, म्हणजे परवान्यात. 1991 साली दिल्लीने किनारा नियमनाची अधिसूचना काढली. भरतीच्या रेषेपासून 500 मीटर पट्टा नियमाखाली आला. खेड्यांच्या किनाऱ्यावर पहिले 200 मीटर नवे बांधकाम बंद. त्यापुढे 500 मीटरपर्यंत हॉटेलाला परवानगी मिळू शकत होती, पण भूखंड किमान 0.4 हेक्टर हवा. म्हणजे जवळजवळ एक एकर! चार-पाच गुंठ्यांत घर, माड आणि जाळ्याची खोप असणाऱ्या गाबिताकडे सलग एकर कुठून येणार? ज्याच्याकडे येतो तो मुंबईहून येतो. निसर्गरक्षणाच्या नावाने लिहिलेल्या कागदात लहान माणूस असा एका ओळीने बाद झाला. 1997 साली सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर झाला, त्या वेळी हाच कागद लागू होता.

2019 च्या अधिसूचनेने स्थानिकांना घरात पाहुणे ठेवण्याची मुभा दिली, पण घराचे जोते वाढवायचे नाही आणि दर्शनी भाग बदलायचा नाही. दोन खोल्यांचे घर असेल तर एका खोलीत पाहुणे ठेवा आणि दुसरीत बिऱ्हाड कोंबा.

समुद्राच्या कडेला वाटेल ते बांधू द्या, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. देवबागच्या पट्टीला पावसाळ्यात लाटा कशा खातात ते तिथल्या माणसाला सांगावे लागत नाही आणि मे 2021 मधले तौक्ते वादळ तर कोणीच विसरलेले नाही. वाळूच्या तोंडाशी घर बांधू नये हे गाबिताला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. त्याची मागणी त्याहून साधी आहे. आपल्याच जागेत, मागच्या अंगाला, माडांच्या आडोशाला दोन खोल्या आणि एक धड संडास बांधता यावा, आणि त्यासाठी मुंबई-दिल्लीपर्यंत कागद हलवावे लागू नयेत. रापण ओढायची आणि मासळी सुकवायची जागा गावाने आधी आखावी, छत्र्या आणि खुर्च्या उरलेल्या जागेत मांडाव्यात. हे ठराव तिथल्या ग्रामसभांनी करायचे आहेत; आपल्या जिल्हा बैठकीने त्यांना पाठिंब्याचा ठराव करून पाठवावा, ही सूचना आम्ही मांडत आहोत.

आणि दिवाळीत जाणार असाल तर एक करा. गाडी थेट मोठ्या फाटकात घालू नका. गावात उतरा, खोली मिळेल का ते विचारा, घर कोणाचे ते विचारा, भाव ठरवताना फार घासाघीस करू नका. सकाळी रापण ओढत असतील तर पोरांना दोराला हात लावू द्या. तळहात सोलतात, पण पोरे खूश होतात.