‘धडधाकट राहा’ म्हणण्याआधी



माझी पुतणी तालुक्याच्या कॉलेजात इंग्रजी विषय घेऊन शिकते. दिवाळीच्या सुट्टीत ती ओसरीवर पुस्तक उघडून बसली होती. मी शेतातून आलो तशी म्हणाली, “काका, बैलाला नावाने हाक मारून ‘निरोगी राहा’ म्हणणारे इंग्रज तुम्हाला ठाऊक आहेत का?” मी म्हटले, “बैलाची पूजा करणारे आपण. इंग्रज कशाला करतील?” त्यावर तिने जे वाचून दाखवले त्यातून आजचा हा विषय निघाला. पुढे मीही थोडी पुस्तके चाळली.

शब्द आहे ‘वॉसेल’. आठशे-नऊशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत तो ‘वेस हेल’ असा दोन शब्दांचा होता. ‘वेस’ म्हणजे ‘हो’ किंवा ‘राहा’, आणि ‘हेल’ म्हणजे पुरा, अखंड, धडधाकट. म्हणजे ‘धडधाकट राहा’. आज आपण दवाखान्याच्या पाटीवर ‘हेल्थ’ वाचतो तो शब्द याच मुळातला. जखम भरून येणे या अर्थाचा ‘हील’ आणि ‘सगळाच्या सगळा’ या अर्थाचा ‘होल’ हेही त्याचेच भाऊबंद. आपण लग्नात ज्या अक्षता टाकतो त्याही ‘अक्षत’ म्हणजे न मोडलेले तांदूळ. जे मोडलेले नाही ते चांगले, ही समजूत तिकडच्या कुणब्याची आणि इकडच्या कुणब्याची सारखीच दिसते.

सुमारे ११३६ साली जेफ्री ऑफ मॉन्मथ याने ब्रिटनच्या राजांची एक बखर लिहिली. तीत वॉर्टिगर्न राजापुढे हेंगिस्ट सरदाराची मुलगी पेला घेऊन येते आणि ‘वेस हेल’ म्हणते, अशी कथा आहे. राजाला तिची भाषा येत नाही. दुभाष्या सांगतो, याला ‘ड्रिंक हेल’ असे उत्तर द्यायचे, म्हणजे ‘निरोगीपणे पी’. ही दंतकथाच आहे, पण पेला देताना आरोग्य चिंतायचे आणि घेणाऱ्याने उत्तर द्यायचे ही रीत त्या काळी सर्वांना परिचयाची होती एवढे त्यावरून कळते.

राजवाड्यातला हा शब्द पुढे शेतात गेला. इंग्लंडच्या पश्चिमेला हेरेफर्डशायर, सॉमरसेट, डेव्हन हे परगणे सफरचंदांच्या बागांचे. तिथली पुष्कळ सफरचंदे तुरट-आंबट, खायच्या कामाची नाहीत. ती चेचून, दाबून रस काढतात आणि आंबवून ‘सायडर’ नावाचे पेय करतात. दारूच ती, तिची भलामण मी करत नाही. पण जुन्या काळी शेतमजुराच्या मजुरीचा एक भाग सायडरच्या रूपाने दिला जाई. १८८७ च्या कायद्याने ती पद्धत बंद केली.

जानेवारीत, नाताळानंतरच्या बाराव्या रात्री, बागाईतदार आपल्या माणसांना घेऊन बागेत जात. सर्वांत जुन्या झाडाभोवती उभे राहून गाणे म्हणत, बुंध्याशी सायडर ओतत, त्यात भिजवलेले पावाचे तुकडे फांद्यांत ठेवत, थाळ्या-पातेली बडवत, बंदुकीचे बार काढत. झाडाला सांगायचे, धडधाकट राहा आणि भरपूर फळ दे. सॉमरसेटमधील कारहॅम्प्टन गावात ही रीत आजही चालते, तीही १७ जानेवारीला. १७५२ साली इंग्लंडने पंचांग बदलले आणि मधले अकरा दिवस गाळले. या गावाने मात्र सणाची जुनीच तिथी धरून ठेवली.

हेरेफर्डशायरची रीत तर आपल्या बायाबापड्यांना फारच आवडेल. १७९१ साली छापलेल्या एका वर्णनात ती आली आहे. संध्याकाळी मालक, शेजारी आणि गडी गव्हाच्या शेतात जात आणि उंचवट्यावर एक मोठी व बारा लहान शेकोट्या पेटवीत. शेजारच्या शेतांतूनही आरोळ्यांना आरोळ्या मिळत. एका वेळी पन्नास-साठ शेकोट्या दिसत. मग घरी जेवण करून सगळे गोठ्यात जात. मालक पेला भरून उत्तम बैलापुढे उभा राही आणि त्याचे नाव घेऊन त्याच्या आरोग्याची इच्छा करी. मग दुसऱ्याचे नाव, मग तिसऱ्याचे. मधोमध भोक असलेला एक मोठा केक असे. तो पहिल्या बैलाच्या शिंगात अडकवायचा आणि बैलाला गुदगुल्या करायच्या. त्याने मान झटकून केक मागे टाकला तर तो मालकिणीचा, पुढे टाकला तर कारभाऱ्याचा!

आता तुम्ही विचाराल, झाडाला गाणे म्हणून फळ वाढते का? शेतकी खात्याचा माणूस म्हणून सांगतो, नाही वाढत. पेलाभर सायडरने मुळांना काही मिळत नाही. सफरचंदाची बरीच झाडे आपल्या आंब्यासारखी एका वर्षी लदबदतात आणि दुसऱ्या वर्षी रुसतात, ती गाण्याने ऐकत नाहीत. पण थंडीत पान गळलेल्या झाडाजवळ मालक जातो, तेव्हा मोडकी फांदी आणि किडका बुंधा त्याच्या नजरेस पडतो. सफरचंदाची छाटणीही याच दिवसांतली. मालकाची नजर हे चांगले खत, असे मी नेहमी म्हणतो.

इथवर सगळे गोड आहे. खरी गोष्ट पुढेच आहे.

याच काळात डेव्हन परगण्यात एक विचित्र आजार होता. पोटात असह्य मुरडा, शौचाला न होणे आणि पुढे मनगटे लुळी पडणे. हात असा लोंबकळे की पेला उचलता येत नसे. सफरचंदांचा हंगाम झाला, नवी सायडर आली, की रोगी वाढत. लोक म्हणत, सायडर आंबट असते म्हणून होते. कोणी हवेला दोष देई. गंमत अशी की हेरेफर्डशायरमध्येही लोक सायडर तेवढीच पीत आणि तिथे हा आजार नव्हता.

जॉर्ज बेकर नावाचा डॉक्टर मूळचा डेव्हनचाच. त्याने ही तफावत धरली. दोन्हीकडचे फळ सारखे, रस सारखा, मग फरक कशात? त्याने घाणे आणि दाबयंत्रे पाहिली. डेव्हनमध्ये दगडी घाण्याचे सांधे शिशाने भरीत, दाबयंत्राला शिशाचा पत्रा लावीत. हेरेफर्डशायरमध्ये तसे करत नसत. आंबट रसात शिसे विरघळते. बेकरने डेव्हनच्या सायडरमधून शिसे काढून दाखवले, हेरेफर्डच्या सायडरमध्ये ते मिळाले नाही. १७६७ साली त्याने हे लंडनच्या वैद्यांसमोर मांडले.

लोकांनी त्याचे आभार मानले असतील असे तुम्हाला वाटेल. उलट झाले. सायडरवाले खवळले. आपल्याच मुलखाच्या मालाला बट्टा लावणारा म्हणून त्याच्यावर टीका झाली. पण हळूहळू शिसे घाण्यातून गेले आणि आजारही ओसरला. विचार करा, कित्येक वर्षे माणसे एकमेकांना ‘धडधाकट राहा’ म्हणत पेला देत होती आणि आजार त्याच पेल्यात होता. देणाऱ्याच्या मनात काही वाईट नव्हते. त्याला ठाऊक नव्हते एवढेच.

हे वाचताना मला माझीच एक जुनी गोष्ट आठवली. ती मी आजवर कुणाला सांगितलेली नाही.

नोकरीची पहिली काही वर्षे होती. मळणीच्या दिवसांत एका गावी गेलो होतो. खळ्यावर दहा-बारा माणसे. घरधनिणीने मोठ्या प्रेमाने ताक आणले. पितळी पातेले, कल्हई कधीच उडालेली, आणि ताक आदल्या रात्रीपासून त्यातच. कडेला हिरवट झाक मला दिसली. ताक कळकले होते. मी बीएस्सी ॲग्री झालेला माणूस, मला कळत होते. पण पाहुणा होतो, वयाने लहान होतो. माऊलीचा मान कसा मोडायचा म्हणून एक घोट घेतला, भांडे खाली ठेवले आणि काही बोललो नाही. तासाभरात माणसांना मळमळ आणि उलट्या सुरू झाल्या. एका पोराला तर बैलगाडीतून दवाखान्यात न्यावे लागले. तो बरा झाला, देवाची कृपा. पण ती बाई रडत रडत म्हणत होती, “माझ्या हातानं काय झालं हो!” तिच्या हाताने काही झाले नव्हते. माझ्या गप्प बसण्याने झाले होते.

बेकर आपल्या मुलखाची नाराजी पत्करून बोलला. मला एका घरातली नाराजी पत्करता आली नाही. म्हणून आज स्पष्ट सांगतो:

१. ताक, दही, चिंच, कोकम, लिंबू, टोमॅटो असे आंबट पदार्थ कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यात करू नका, ठेवू तर मुळीच नका. स्टील, काच किंवा साधी मातीची भांडी वापरा.

२. कल्हई निव्वळ कथलाची हवी. शिशाची भेसळ असलेली कल्हई म्हणजे डेव्हनचा घाणाच. फुटके भांडे शिशाच्या डाकाने सांधले असेल तर ते स्वयंपाकातून काढून टाका.

३. लोणचे काचेच्या बरणीत घाला. मातीच्या भांड्यांवरच्या काही रंगीत चकाकीतही शिसे असते आणि खारात ते उतरते.

४. पिकावरच्या औषधांचे डबे कितीही धुतले तरी पाण्याला, तेलाला, धान्याला वापरू नका. रिकामे झाले की भोके पाडून निकामी करा.

५. एका घरात किंवा एका खळ्यावर अनेकांना एकदम सारखाच त्रास झाला, तर दैवाला किंवा नजरेला दोष देण्याआधी सर्वांनी मिळून काय खाल्ले-प्याले आणि कोणत्या भांड्यातून, ते आठवा. डॉक्टरकडे जाताना ते सांगा.

शिशाची आणखी एक खोड आहे. ते एका दिवसात मारत नाही, शरीरात साठत जाते, हाडांत जाऊन बसते. लहान मुलांच्या मेंदूला त्याचा फार अपाय होतो, आणि तो अपाय डोळ्यांना दिसत नाही.

पुतणीला मी हे सारे सांगितले तेव्हा तिने पुस्तक मिटले आणि स्वयंपाकघरात गेली. तिच्या आजीच्या वेळचे पितळी पातेले घेऊन आली. आतून बोट फिरवले तर जागोजागी पिवळे दिसत होते. दुसऱ्या दिवशी ते बाजारात कल्हईला गेले. माझ्याच घरात ते होते आणि मी गावोगाव व्याख्याने देत होतो!

तेव्हा बंधुभगिनींनो, आपल्या बैलांसह, झाडामाडांसह आणि लेकराबाळांसह तुम्ही सर्व धडधाकट राहा. आणि हे वाचून झाले की उठा, फळीवरची भांडी एकदा उजेडात धरून पाहा.