दृष्टीचा टप्पा

श्रावणांत सहकुटुंब नळदुर्गास जावें कीं रामलिंगास, हा वाद धाराशिवकडील पुष्कळ घरांत होतो. अलीकडे तरुण मंडळी तो संगणकावर सोडवूं लागली आहेत. ‘क्यूजीआयएस’सारख्या मोफत मिळणाऱ्या आज्ञावलीस एखादें ठिकाण सांगितलें, कीं तेथून दृष्टीस पडणारा भूभाग ती रंगवून दाखविते. दोन नकाशे शेजारीं ठेवले, कीं तुलना झाली! परंतु आंतील गणित समजल्यावांचून हा निकाल मान्य करूं नये, असें आमचें मत आहे.

यंत्रापुढें चित्र नसतें, उंचीचे आंकडे असतात. २००० सालच्या फेब्रुवारींत ‘एन्डेव्हर’ या अवकाशयानानें रडारच्या साह्यानें पृथ्वीवरील बहुतेक जमिनीची उंची मोजली. ती आज सुमारें ३० मीटरांच्या चौकटींनीं उपलब्ध आहे. यंत्र प्रत्येक चौकटीपर्यंत सरळ रेषा ओढतें, आणि मध्यें टेंकडी आडवी आली तर पलीकडचें अदृश्य ठरवितें. शिवाय पृथ्वीची गोलाई हिशेबांत धरावी लागते. २० किलोमीटरांवरील वस्तु तिच्यामुळें सुमारें ३१ मीटर खालीं जाते. वातावरणांतील वक्रीभवनानें थोडी भरपाई होते. परिघाचा शतांश सरळ भासतो म्हणून भूमि सपाट दिसते, हें भास्कराचार्यांनीं ११५० सालच्या ‘सिद्धान्तशिरोमणी’ंत सांगितलेंच आहे.

आतां नळदुर्ग. तेथील उपळी बुरूज किल्ल्यांतील सर्वांत उंच. वर हत्ती व मगर या दोन लांबलचक तोफा. एवढ्या मोठ्या चौकटींत बुरूज नीट उमटत नाहीं. त्याची उंची पाहणाराच्या उंचींत मिळवून दिली नाहीं, तर यंत्र आपणांस पायथ्याशींच उभें करतें! मैदानांत १.६ मीटरांवरील डोळ्यास क्षितिज सुमारें साडेचार किलोमीटरांवर, तर २५ मीटरांवरील डोळ्यास जवळजवळ १८ किलोमीटरांवर असतें.

पण याच किल्ल्यांत, बोरी नदीवरील बंधाऱ्याच्या पोटांत, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या वेळचा पाणीमहाल आहे. पावसाळ्यांत बंधारा भरून वाहूं लागला म्हणजे आंतील गवाक्षांतून कोसळतें पाणी दिसतें. यंत्राच्या लेखीं येथून दिसणारी जमीन नांवापुरती. आमच्या मतें जिल्ह्यांत याहून चांगलें प्रेक्षणीय स्थळ नाहीं. रामलिंगाचें देऊळ दरींत. तुळजापुरीं तर भवानीच्या दर्शनास पायऱ्या उतरूनच जावें लागतें. अशा ठिकाणीं क्षेत्रफळावर गुण देणें म्हणजे गायकाची परीक्षा आवाज किती दूर गेला यावर करण्यासारखें आहे. ज्या घरीं आजीबाईंचे गुडघे दुखतात, तेथें तर बुरुजाच्या पायऱ्यांचाही विचार हवा. तो नकाशांत नाहीं.

या गणिताचा खरा उपयोग आम्हांस निराळाच वाटतो. बालाघाटाच्या माथ्यांवर पवनचक्क्या उभ्या राहिल्या आहेत. त्यांपासून वीज मिळते, जमीनमालकास पैसा मिळतो. त्यांस सरसकट नांवें ठेवणें बरें नव्हे. मात्र जी रेषा बुरुजावरून माळाकडे जाते तीच माळावरून बुरुजाकडे येते. म्हणून नियोजित चक्कीच्या जागीं यंत्रास उभें केलें, कीं ती कोणत्या गांवांतून, कोणत्या देवळाच्या पायरीवरून दिसेल, हें आधींच कळतें. तो नकाशा ग्रामसभेपुढें जागेचा करार होण्यापूर्वींच ठेवण्यास सांगावें. गांवांतील एखादा महाविद्यालयीन विद्यार्थीही तो दोन दिवसांत तयार करील. मात्र उंची द्यावयाची ती वर गेलेल्या पात्याच्या टोंकापर्यंतची. नुसत्या खांबाची देऊन भागत नाहीं.